नाव न घ्यायचं औषध

सुरुवातीलाच माफी मागतो. डोकेदुखीवर लिहायला मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, लेखक तर नाहीच. महाडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी वाटतं, आता कुणीतरी मागून येऊन विचारेल, हे तुला कुणी सांगितलं? आणि मी गप्प बसेन. जिथे चुकलं असेल तिथे जाणत्यांनी सुधारावं. पण एक वाक्य मी मागे घेणार नाही, ते आधीच लिहून ठेवतो. माझ्या आईचं डोकं खरंच दुखतं.

हे लिहावं लागतं याचाच मला राग आहे.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. एसटी खाली रस्त्यावर थांबते, तिथून चढ. वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला, माझे वडीलही. शेती बायका बघतात. आईला महिन्यातून कितीतरी वेळा अर्धशिशी उठायची. सकाळी डाव्या भुवईच्या वर एक ठणका, दिवस चढेल तसा तोही चढायचा. मग ती गोठ्यामागच्या गवताच्या खोलीत जाऊन पडायची, कारण घरात तेवढीच जागा अंधाराची. जुन्या लुगड्याची पट्टी कपाळाला आवळून बांधायची आणि गाठीखाली, बरोबर कानशिलावर, एक सुपारी दाबून बसवायची. सुंठ उगाळून लावायची. कुणी भांडं आपटलं की आतून नुसतं कण्हणं ऐकू यायचं. दुपार कलली की उठायची, ओकारी काढायची आणि थेट चुलीशी.

"हिचं डोकं बरोबर लावणीच्या दिवसात दुखतं," असं बांधावर बायका म्हणायच्या आणि हसायच्या. आईही हसायची. मला आता कळतं की त्यांचं म्हणणं खरं होतं, फक्त अर्थ चुकीचा होता. भाताच्या लावणीत पहाटे पोटात चहाशिवाय काही नसतं, दिवसभर मान खाली, आणि ढग फाटले की खाचरातल्या पाण्यावरचा उजेड सरळ डोळ्यांत. डोकं त्याच दिवसांत दुखणार. ते नाटक नव्हतं, कारण होतं.

आणि मीही तेच म्हणायचो, हेही लिहायला हवं. शाळेतून आलो आणि चूल थंड दिसली की म्हणायचो, "झालं का आये तुजं रोजचं?"

वडील गणपतीला आणि शिमग्याला यायचे. वीर स्टेशनला रेल्वेतून उतरायचे, रिक्षाने महाड, मग एसटी. बॅगेत आमच्यासाठी खाऊ आणि आईसाठी गोळ्यांची पाकिटं. मुंबईत त्यांच्या दुकानाशेजारी औषधवाला होता, तो ओळखीने द्यायचा. आई ती पाकिटं देव्हाऱ्याच्या खिळ्याला पिशवीत टांगायची. तिला त्यांची नावं ठाऊक नव्हती, निळी आणि गुलाबी एवढंच. आधी दुखलं की घ्यायची. मग दुखेल असं वाटलं की घ्यायची. शेवटी रोज सकाळी चहाबरोबर एक, आणि त्यानंतर डोकंही रोजच दुखायला लागलं. आम्हाला वाटायचं, आजार वाढला. वडील आणखी पाकिटं आणायचे. त्यांना तिच्यासाठी करता येण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेवढं ते मनापासून करायचे.

मला कळलं ते माझ्यावर आलं तेव्हा. कॉलेजचं दुसरं वर्ष, सकाळचा तास. सकाळची एसटी पकडायची म्हणून न खाता निघालो होतो. फळ्यावर सर सूत्र लिहीत होते आणि त्यातला मधला भाग मला दिसेना. डोळे चोळले. जिथे अक्षरं नव्हती तिथे करवतीच्या दात्यांसारखी एक चकाकणारी रेघ थरथरत होती आणि हळूहळू बाहेर पसरत होती. मला वाटलं, डोळे गेले. कुणाला न सांगता बाहेर पडलो, भिंती धरत चवदार तळ्यापाशी आलो आणि पायरीवर डोळे मिटून बसलो. मिटल्या डोळ्यांतही ती रेघ होतीच. वीसेक मिनिटांत ती गेली. सुटलो असं वाटलं, तेवढ्यात डाव्या भुवईच्या वर ठणका आला.

तो ठणका मी ओळखला. सोळा-सतरा वर्षं मी तो गवताच्या खोलीच्या बाहेरून ऐकला होता.

त्या दिवशी मला दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "टेन्शन. मोबाईल कमी बघा." माझ्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता. वाडीतल्या एकाने सांगितलं, महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ कर, सगळं निघून जातं. गेलो. उन्हाळा होता, उकळत्या पाण्याच्या वाफेत डोकं असं चढलं की मला दोघांनी धरून बाहेर काढलं. मग वर्गातल्या एका मुलीने तिच्या आईला बरं वाटलेल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

त्या बाईंनी मला आधी बोलू दिलं. करवतीच्या रेघेचं सांगताना मी अडखळलो, वेडा समजतील म्हणून. त्यांनी कागद पुढे केला. "काढून दाखव." मी काढली. त्या म्हणाल्या, "हीच. हजारो जणांनी हीच काढलीय. याला मायग्रेन म्हणतात, तुमची अर्धशिशी. हा मेंदूचा आजार आहे, स्वभावाचा नाही. असं डोकं जन्मतःच जरा हळवं असतं. उपास, ऊन, जागरण, बायकांना पाळीचे दिवस, असं काही निमित्त मिळालं की भडकतं. पुष्कळदा घराण्यात असतं. घरी कुणाला आहे?"

"आईला," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. तिथे रडायचं कारण नव्हतं.

आईला महाडला आणायला दोन महिने लागले. "मला काय झालंय? डोकंच दुखतं ना?" एवढंच तिचं उत्तर. बाईंनी आधीच सांगितलं होतं की दुखण्याचे दिवस लिहून आणा. आईला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचं बोट लावलं. अर्धा दिवस दुखलं तर तारखेच्या अर्ध्या चौकोनात, पूर्ण दिवस तर पूर्ण. ते कॅलेंडर गुंडाळून आम्ही एसटीने आणलं. बाईंनी टेबलावर उघडलं तेव्हा पानभर लाल होतं.

"गोळी कधी घेता?"

"रोज चहाबरोबर," आई अभिमानाने म्हणाली, नेमाने औषध घेणाऱ्या बाईच्या अभिमानाने.

मग बाईंनी जे सांगितलं ते आम्हा दोघांनाही पटेना. दुखणं मारायची गोळी रोज घेतली की काही काळाने तीच गोळी दुखणं परत आणते. ती बंद करायची. पहिले आठ-पंधरा दिवस जास्त त्रास होईल, तो सोसायचा, त्यासाठी तात्पुरतं औषध त्या देतील. त्यानंतर रोजची एक वेगळी, अगदी थोड्या ताकदीची गोळी, दुखणं उठूच नये म्हणून. आणि उपाशी राहायचं नाही.

"सोमवार सोडीन," आई म्हणाली.

"गुरुवार?"

"गुरुवार पण सोडीन. चतुर्थी नाय सोडणार."

"चतुर्थीला फळं खा, दूध घ्या."

"ते गणपतीला इचारून सांगते," आई म्हणाली, आणि बाई मोठ्याने हसल्या.

मग त्यांनी विचारलं, "झाडपाल्याचं काही घेता?"

आई कॅलेंडरची कड दुमडू लागली.

घेत होती. आमच्या वाडीच्या पलीकडच्या वाडीत एक म्हातारी राहते. अर्धशिशीवर तिचं औषध सगळ्या खोऱ्यात ठाऊक. आई तिला आत्या म्हणते, मी आजी. औषध फक्त रविवारी, दिवस उगवायच्या आत. हातात एक नारळ न्यायचा, पैसे नाहीत. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, हाक आली तर मागे बघायचं नाही. ती पानं ठेचून फडक्यातून पिळते आणि दुखत्या बाजूच्या उलट नाकपुडीत दोन थेंब सोडते. औषध कसलं हे विचारायचं नाही. नाव उच्चारलं की गुण जातो, तुमच्यापुरता नव्हे, सगळ्यांपुरता.

लहानपणी मी आईबरोबर जायचो. वाटेत गवताचा भारा घेतलेली एखादी बाई भेटायची. "कुठं चाललाव गो?" आई गप्प. "अगो, कुठं?" आई नारळ वर करून दाखवायची. "अर्धशिशी व्हय? जा, जा! बोलू नको!" असं ती इतक्या मोठ्याने ओरडायची की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. त्या गुपिताची अशी दवंडी पिटत आम्ही जायचो.

थेंब जाळत आत जायचे. आईला त्या दिवशी हलकं वाटायचं हे खरं. मात्र दिवसभर घसा कोरडा पडायचा आणि संध्याकाळी तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही. आम्ही ते औषधाचं तेज समजायचो.

मी हे बाईंना सांगितलं. आईने माझ्या पायावर पाय दिला, तरी सांगितलं. घसा आणि सुई ऐकल्यावर बाई गंभीर झाल्या. "मी देणार ती गोळीसुद्धा घसा कोरडा करते. झाडपाल्यात तसलंच काही असेल तर दोन्ही मिळून त्रास होईल, साधा नव्हे. ते पान कुठलं हे कळल्याशिवाय मी ही गोळी सुरू करणार नाही. आणि तोवर ते थेंबही बंद."

"थेंब नाय बंद व्हायचे," आई म्हणाली आणि कॅलेंडर गुंडाळलं.

चहाबरोबरची गोळी मात्र तिने सोडली. ते दिवस मी विसरणार नाही. एकदा रेंजसाठी आम्ही चढाच्या टोकाला गेलो, तिथे वडिलांचा फोन आला. "ती कण्हतेय आणि तू गोळ्या लपवून बसलास? कॉलेजात हेच शिकवतात काय?" मी म्हटलं, "गोळ्यांनीच दुखतं, बाबा." ते म्हणाले, "म्हणजे मीच आणलं होय दुखणं, बॅगेतून?" आईने फोन घेतला आणि पट्टी बांधलेल्या डोक्याने त्यांनाच समजावत बसली.

बाराव्या की तेराव्या दिवशी ती सकाळी उठली आणि कॅलेंडरपाशी उभी राहिली. बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते तिने तारखेवर न लावता कपाळाला लावलं.

तेवढं जिंकल्यावर मला चेव चढला. वाटलं, आता फक्त एक नाव मिळवायचं. पुढच्या रविवारी दुपारी, नियम मोडूनच, मी म्हातारीकडे गेलो. ती अंगणात कुळीथ पाखडत होती. मी सरळ विचारलं.

"वनस्पती शिकतोस ना रे? मग मला कशाला इचारतोस?"

"डॉक्टरीणबाईंना कळायला हवं, आजी."

"नाव घेतलं की गुण गेला. माज्या सासूनं मला हातात दिलं, तोंडानं नाय दिलं. उद्या खालच्या वाडीतली पोर येईल डोकं धरून, तिला काय देऊ? तुजी डॉक्टरीण येणार हाय चढ चढून?"

मी चिडलो आणि बोलू नये ते बोललो. "तुमच्या औषधाला गुण असता तर आई वीस वर्षं कशाला आली असती?"

म्हातारीने सूप खाली ठेवलं. "आणि गुण नसता तर वीस वर्षं आली असती काय?"

तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो.

मग मी जे केलं ती चोरीच होती. आईच्या पुढच्या रविवारी म्हातारीने पिळून टाकलेला चोथा मी केळीच्या पानात बांधून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. सरांनी तो हुंगला आणि हसले. "हा तर चटणी घेऊन आलाय. अरे, फांदी आण, फूल आण, फळ आण. निरगुडीचा वास येतोय, पण आणखी एक काहीतरी आहे. चोथ्यावरून सांगता नाही येणार." निरगुडी आमच्या बांधाबांधावर आहे. मला हसू आलं, पण ते दुसरं काहीतरी तसंच राहिलं.

आईला ते कळलं, कारण मीच फुशारकीने सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "सगळी माज्या दुखण्याला नाटक म्हणायची तेव्हा त्या आत्यानं माजं डोकं मांडीवर घेतलं. तू कुठं होतास? चूल थंड का, इचारत होतास. डोकं माजं हाय. तिचं नाव फोडून मला बरं नाय व्हायचं." आणि डॉक्टरीणबाईंकडे जायचं तिने बंद केलं.

माझ्या परीक्षेला तीन आठवडे होते. कॅलेंडरवर लाल बोटं पुन्हा दिसू लागली होती, पहिल्याइतकी नाही, पण होती. थेंबही चालूच होते. ती एकटी चढ चढताना नजर अंधारली तर? हा विचार पुस्तकातून सारखा वर यायचा.

मी पुन्हा म्हातारीकडे गेलो, या वेळी रीतीने. रविवारी, उजाडायच्या आत, नारळ घेऊन, तोंड मिटून. भाऱ्यावाली बाई भेटली, तिलाही नारळ दाखवला. डोकं खरोखरच जड होतं, पण औषधापेक्षा मला तिच्या दारात रुग्ण म्हणून उभं राहायचं होतं. म्हातारीने मला न्याहाळलं. ओट्यावर निजवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि अंगठ्यांनी भुवया दाबल्या. तेवढ्यानेच अर्धं दुखणं उतरलं, हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. थेंब तिने मला घातले नाहीत. फडकं तसंच हातात धरून बसली.

ऊन उंबऱ्याला लागलं की बोलायची मुभा असते. मी म्हटलं, "आजी, मागच्या वेळी चुकलो. चोथा चोरला त्याचीही माफी. पण विचारायचं सोडणार नाही. आयेचा घसा सुकतो, सुई दिसत नाही. तुमचं औषध आणि त्यांची गोळी एकमेकांना ओळखत नाहीत. दोघं आयेच्या अंगात भेटली तर काय होईल हे तुम्हालाही ठाऊक नाही, त्यांनाही नाही. मला नाव नका सांगू. मला कळलंच पाहिजे असं काही नाही."

तिने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुजी डॉक्टरीण नाडी बघते?"

"बघतात. पण आधी विचारतात. कुठली बाजू, जेवणाआधी की नंतर, पाळी कधी."

"हां. मी पण हेच इचारते." आणि उठून कोंबड्या सोडायला गेली.

एवढंच. ना हो म्हणाली, ना नाही. मी महाडला परतलो, खोली करून राहणाऱ्या मित्राकडे परीक्षेपुरता. आमच्या वाडीत फोनला रेंज नाही, आईला बोलायचं तर चढाच्या टोकावरच्या आंब्याखाली यावं लागतं. दोन वेळा मी लावला, लागला नाही. वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक झालं त्या दुपारी, मी कॉलेजच्या फाटकाबाहेर चणे खात होतो, कारण आता उपाशी राहत नाही, तेव्हा तिचा फोन आला.

"पेपर बरा गेला?"

"बरा गेला. तू कशी आहेस?"

"परवा आत्या महाडात आलेली. माज्याबरोबर."

मी चणे खिशात टाकले.

आईने सांगितलं ते असं. पहाटे म्हातारीच स्वतः दारात आली, पदराखाली काहीतरी झाकलेलं, तोंड मिटलेलं. आईला हाताने चल म्हणाली. एसटीत कंडक्टरने विचारलं कुठे, तर दोन बोटं दाखवली आणि खाली महाडकडे हात केला. कंडक्टर म्हणाला, "मौनव्रत काय आजीचं?" म्हातारीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट तिकिटं फाडली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तिने पदरातून दोन फांद्या काढून ठेवल्या, पानंफळांसकट. बाईंनी पहिली उचलली. "निरगुडी?" म्हातारीने मान हलवली. दुसरीला काटेरी बोंड होतं. बाईंनी ते बघितलं, आईकडे बघितलं. "धोतरा?" म्हातारीने पुन्हा मान हलवली आणि दोन बोटांची चिमूट करून किती थोडा ते दाखवलं. बाईंनी तिला खुर्ची दिली. धोतरा थोडासुद्धा का नको, घसा का सुकतो, नजर का जाते, सगळं सावकाश सांगितलं, जसं मला सांगितलं होतं. म्हातारीने ऐकून घेतलं. मग धोतऱ्याची फांदी उचलून परत पदरात घातली आणि निरगुडी टेबलावरच ठेवली.

"गोळी कालपासून चालू," आई म्हणाली. "थेंब नाय आता. रविवारी जाईन, ती नुसतं डोकं दाबेल, निरगुडीचा वाफारा देईल. डॉक्टरीण बोलली, ते चालेल."

"आणि आजी? काही बोलली का ती?"

"बोलली ना. परत येताना, पोलादपूरच्या स्टँडवर उतरल्यावर."

"काय बोलली?"

"बोलली, 'तुज्या पोराला सांग, मी नाव घेतलं नाय हां.'"